काळी माती, पांढरं पाणी



मागच्या दोन व्याख्यानांत आपण शब्दांत अडकलो होतो, आज चित्रांत अडकू. पडद्यावर बावीस छायाचित्रं दाखवणार आहोत. सगळी काळी-पांढरी, सगळी कसबा बावड्याच्या शिवारातली. राजाराम बंधारा, नदीकाठची रानं, उसाचे पट्टे, गुऱ्हाळ, आणि वायव्येला जोतिबाचा डोंगर. ज्यांनी ती काढली त्या बाई नोकरी करतात, बावड्यातच राहतात आणि कॅमेरा हातात घेऊन त्यांना आठ महिने झाले आहेत. नाव घेऊ नका अशी त्यांची अट आहे. त्या सभागृहात बसल्या आहेत. कुठं ते सांगणार नाही. जे हे नंतर वाचतील त्यांच्यासाठी आम्ही चित्रं शब्दांत सांगत जाऊ.

आम्हाला त्यांनी विचारलं ते एवढंच: "सर, यातलं बरं कुठलं आणि वाईट कुठलं, ते सांगा." कौतुक मागितलं नाही. ते मोबाइलवर फुकट मिळतं. समीक्षा मागितली. तर ती करू.

पहिली सात चित्रं भराभर बघा. ऊस, ऊस, ऊस. चांगल्या उजेडात काढलेला, व्यवस्थित चौकटीत बसवलेला. पण डोळा कुठं थांबत नाही. का? जागेवर उभं राहिलं तर उसाचा हिरवा, बांधावरच्या वाळल्या गवताचा पिवळा आणि पायवाटेचा तांबूस हे तीन रंग एकमेकांना ढकलत असतात. म्हणून तिथं शेताला कड आहे, वाटेला वळण आहे. रंग काढून घेतला की हिरवा आणि तांबूस दोन्ही एकाच राखी रंगात जाऊन बसतात, कारण उजळपणाला ते जवळजवळ सारखे होते. डोळ्याला जो फरक दिसत होता तो रंगाचा होता, उजेडाचा नव्हता. शिकणाऱ्याची पहिली अडचण हीच असते, आणि ती कॅमेऱ्याची अडचण नाही. आपण पाहतो तेव्हा काय पाहतो, हे आपल्याला ठाऊक नसतं.

यावर जुना उपाय म्हणजे भिंगापुढं रंगीत काच. पिवळी, नारिंगी, लाल, हिरवी. काच आपल्या रंगाला उजळ करते आणि विरोधी रंगाला काळवंडते. जोतिबाच्या चैत्र यात्रेचं उदाहरण घ्या. गुलाल तिथं सगळ्यांवर, सगळ्यावर. लाल काच लावा, गुलाल जवळजवळ पांढरा होईल, जणू राखेचा पाऊस. हिरवी लावा, तोच गुलाल काळपट होईल, जणू शाई. यात्रा तीच, माणसं तीच. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात काचेऐवजी संगणकावरची पट्टी सरकवतात, तत्त्व तेच. मग खरा गुलाल कुठला? तर दोन्हीत नाही. काळं-पांढरं चित्र काढणाऱ्याला 'जसं आहे तसं' ही पळवाट नाही. त्याला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं.

इथं कोल्हापूरकरांनी एक गंमत आठवावी. 'प्रभात' १९२९ मध्ये आपल्या गावात निघाली, १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि १९३७ मध्ये त्यांनी 'कुंकू' काढला. मराठी भाषेतला सगळ्यात लाल शब्द, आणि सिनेमा काळा-पांढरा! पण कपाळावरचं कुंकू काळं का दिसतं, अशी तक्रार कुणी केली नाही. प्रेक्षक रंग स्वतःच्या पदरचा घालत होता. त्याआधी, बाबूराव पेंटरांच्या मूकपटांच्या काळात, जी फिल्म सर्रास वापरली जाई तिला लाल रंग दिसतच नसे. लाल ते सगळं काळं उमटे. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये त्यांनी पुराण सोडून कर्जात बुडालेला शेतकरी दाखवला, तो असल्या अर्ध्या आंधळ्या फितीवर. चित्रकाराचा डोळा असल्यामुळं त्यांना ठाऊक होतं की काय हरवणार आहे. आधी हरवायचं काय ते ठरवा, मग काढा. बाबूरावांचं नाव आपण चौकांना देतो, त्यांच्याकडून एवढं तरी घ्यावं.

आता आठवं चित्र. जोतिबाचा डोंगर, त्यावर काळंकुट्ट आकाश आणि त्यात एक पांढरा ढग. मोबाइलवर या चित्राला सगळ्यात जास्त पसंती मिळाली, असं बाई सांगतात. मिळणारच. आम्हाला हे चित्र आवडलं नाही, आणि का ते नीट सांगायला हवं.

हे आकाश बावड्याचं नाही, कॅलिफोर्नियाचं आहे. ॲन्सेल ॲडम्सनं १९२७ च्या एप्रिलात योसेमिटीमधल्या हाफ डोम या कड्याचं चित्र काढलं. आधी पिवळी काच लावून एक काढलं, मग त्याला वाटलं की उभं राहून जे जाणवतंय ते यात येणार नाही. म्हणून शेवटची प्लेट गडद लाल काच लावून काढली. आकाश काळं झालं, कडा अंगावर आला. ते चित्र थोर आहे. पण तिथलं आकाश मुळात गर्द निळं होतं. उंच जागा, कोरडी विरळ हवा. लाल काचेनं निळ्याला काळं केलं, म्हणजे जे होतं तेच जोरात म्हटलं. आपल्या नदीखोऱ्यातली हवा दमट, धुळीची. गळीत हंगामात तर धूरही असतो. आपलं आकाश बहुतेक दिवस पांढुरकं. त्यावर लाल काच फारसं काही करू शकत नाही, मग संगणकावर जबरदस्तीनं काळं करावं लागतं. त्याची खूण बघा: डोंगराच्या कडेनं एक पांढरी किनार उमटली आहे, देवाच्या तसबिरीमागच्या प्रभावळीसारखी. ती प्रभावळ जोतिबाची नव्हे, सॉफ्टवेअरची.

ॲडम्सवर आमचा राग नाही. तो आधी पियानो शिकलेला माणूस. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली संहिता आणि प्रिंट म्हणजे तिचं प्रत्यक्ष वादन, असं तो मानी. न्यू मेक्सिकोतल्या हर्नान्डेझ गावावर उगवलेल्या चंद्राचं त्याचं १९४१ चं चित्र प्रसिद्ध आहे. त्याच एका निगेटिव्हवरून त्यानं पुढं कित्येक वर्षं प्रिंट काढले. आधीच्या प्रिंटांत आकाश राखी आहे, त्यात ढगांच्या हलक्या रेघा आहेत. नंतरच्यांत आकाश जवळजवळ शुद्ध काळं. जगानं डोक्यावर घेतले ते नंतरचे. आम्हाला पुस्तकांतल्या छपाईवरून का होईना, आधीचे जास्त पटतात. गवयानं उतारवयात प्रत्येक ताना जोरकसच घ्यायला सुरुवात केली की काय होतं, तसं काहीसं. आणि शिकणारा नेमकं तेच उचलतो! गुरूची शेवटची सवय, त्याची पहिली शंका नव्हे.

ॲडम्सकडून उचलायचं ते दुसरंच काही. प्रकाशमापकाला जग ओळखता येत नाही. तो जिथं रोखाल ती वस्तू मध्यम राखी आहे असं धरून चालतो, सुमारे अठरा टक्के उजेड परत फेकणारी. डिसेंबर-जानेवारीत उसाला तुरा येतो, चांदीसारखा. त्यावर मापक रोखा, तुरा राखी येईल. नदीकाठच्या काळ्या रानावर रोखा, नांगरट राखी येईल. यंत्राच्या लेखी तुरा आणि नांगरट एकच. ॲडम्सनं फ्रेड आर्चरच्या जोडीनं शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या आखल्या, शून्य ते दहा. मधली पाचवी. काळ्या मातीची ढेकळं काळी तर दिसावीत, पण ढेकळं म्हणून दिसावीत, असं वाटत असेल तर तिला तिसऱ्या पायरीवर बसवा. म्हणजे मापक सांगतो त्याच्या एक चतुर्थांश उजेड द्या. एवढं साधं आहे. फिल्मवर काढणारा सावलीकडं बघून उजेड ठरवी, डिजिटलवाल्यानं उजळ भागाकडं बघावं, कारण तिथं एकदा पांढरं फाटलं की परत शिवता येत नाही.

हे फाटलेलं पांढरं अकराव्या आणि बाराव्या चित्रात आहे. दोन्ही बंधाऱ्याजवळची. अकराव्यात सकाळच्या तिरप्या उन्हात पाणी लखलखतंय, चमक पार पांढरी आहे, तपशील शून्य. बाराव्यात घाटावर वाळत टाकलेली धुतलेली धोतरं आणि चादरी. त्याही पार पांढऱ्या, तपशील शून्य. आम्ही म्हणतो, अकरावं बरोबर आणि बारावं चूक. "दोन्हीकडं कागद कोराच राहिलाय, मग भेद का?" असं बाईंनी विचारलं होतं, आणि हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे.

तर्कसंग्रह लिहिणाऱ्या अन्नंभट्टानं रूपाचे सात प्रकार मोजले आहेत: शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश आणि चित्र. पृथ्वीला सातही मिळतात. पाण्याला आणि तेजाला फक्त पांढरा. पण दोघांचा पांढरा एक नाही! पाण्याचा पांढरा अभास्वर, स्वतः न चमकणारा. तेजाचा भास्वर, चमकणारा. विद्यार्थ्यांना हे शिकवताना वर्गात हसू व्हायचं, की असल्या कीस काढण्याचा उपयोग काय. उपयोग हा. लाटेवरची चमक ही पाण्याची नव्हेच, ती सूर्याची आहे, भास्वर आहे. तिला कोरा कागद दिला तर बिघडत नाही, उलट तोच तिचा मान. चादरीचा पांढरा अभास्वर. तिला सुरकुत्या आहेत, ओल आहे, पोत आहे. तो गेला की चादर गेली. बगळा, दूध, चुन्याची भिंत हे सगळे चादरीच्या बाजूचे. शिकणाऱ्यानं चित्रातल्या प्रत्येक पांढऱ्याला विचारावं, बाबा रे, तू कुणाचा?

काळ्याचंही असंच भांडण आहे. अंधार म्हणजे काय? नैयायिक म्हणतो, काही नाही, उजेडाचा अभाव. भाट्ट मीमांसक म्हणतो, छे, अंधार हे द्रव्य आहे. त्याला रंग आहे, तो सरकतो. आता कॅमेऱ्यात काय होतं बघा. संवेदकावर काळं म्हणजे काहीच न पडणं. जुन्या निगेटिव्हवर तर अंधाराच्या जागी फिल्म चक्क पारदर्शक राहते. हा झाला अभाव. पण प्रिंट काढला की त्याच जागी कागदावर सगळ्यात जास्त चांदी, किंवा आजच्या भाषेत सगळ्यात जास्त शाई. हात लावता येईल असं द्रव्य. कॅमेरा नैयायिक आणि कागद मीमांसक! पडद्यावरच चित्रं बघून समाधान मानणाऱ्याला या भांडणाची दुसरी बाजू कधी कळतच नाही. म्हणून आम्ही सांगतो, महिन्यातून एक तरी प्रिंट काढा.

बरं, एक मोठा आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. रघुबीर सिंग हे आपल्याकडचे रंगीत छायाचित्रणातले फार मोठे नाव. १९९८ च्या 'रिव्हर ऑफ कलर' या पुस्तकात त्यांनी मांडलं की भारतीय नजर रंगातूनच जग पाहते. काळं-पांढरं हे पश्चिमेच्या विषादाचं, अपराधभावाचं माध्यम आहे, आपलं नव्हे. उलट बाजूला व्हिलेम फ्लुसर. त्याचं म्हणणं, जगात शुद्ध काळं आणि शुद्ध पांढरं कुठंच नाही, त्या कल्पना आहेत. म्हणून काळं-पांढरं चित्र आपण कल्पना आहोत हे लपवत नाही, आणि रंगीत चित्र मात्र आपला हिरवा हाच शेताचा हिरवा असल्याचं सोंग करतं. आम्ही इतकी वर्षं फ्लुसरच्या बाजूनं वर्गात बोललो असतो. पण बावड्यातला शेतकरी सिंगांच्या बाजूनं एक मुद्दा मांडतो तो फ्लुसरच्या पुस्तकात नाही. पान हिरवं सोडून पिवळं पडू लागलं की तो म्हणतो, उसाला केवडा पडलाय. काळ्या-पांढऱ्यात केवडा दिसत नाही. पिवळं पान नुसतं जरा उजळ दिसतं, आणि बघणारा म्हणतो, वा, काय उजेड आहे! रंग ही तिथं सजावट नाही, माहिती आहे. ती काढून टाकणाऱ्यानं बदल्यात काय दिलं, हे विचारण्याचा हक्क त्या रानाच्या मालकाला आहे.

याच हक्कानं सोळाव्या आणि सतराव्या चित्राकडं बघू. आमचं खरं भांडण यांच्याशी आहे.

सोळावं: बंधाऱ्यावरून पडणारं पाणी. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, भिंगापुढं काळी काच लावून, अर्धा मिनिट उघडा ठेवलेला. पाण्याचं दूध झालंय, रेशीम झालंय. सतरावं: नदीचं पात्र, पण पाणी दिसत नाही, या काठापासून त्या काठापर्यंत मऊ, एकसारखं राखी मैदान, वर धुकं, मध्ये एक बगळा. बाईंना कुणीसं विचारलं म्हणे, "हे कुठलं हो माळरान?"

माळरान नव्हे, जलपर्णी आहे ती. आणि सोळाव्यातलं रेशीम म्हणजे फेस. पंचगंगेच्या पाण्याची काय दशा आहे ती इथं बसलेल्यांना आम्ही सांगायला नको. उन्हाळ्यात बंधाऱ्यावर उभं राहिलं की नाक सांगतं. रंगीत चित्रात जलपर्णीचा तो उग्र, खोटा हिरवा निदान खटकला असता. रंग काढल्यावर तीही गेली, वास तर कॅमेऱ्याला येतच नाही. उरलं ते सौंदर्य. तंत्राच्या दृष्टीनं बाविसांत ही दोन सगळ्यात सफाईदार चित्रं आहेत, म्हणून जास्त वाईट वाटतं. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त सरस्वती, अशा पाच मिळून आपली नदी झाली म्हणतात. एक गुप्त होती तेवढं पुरे होतं. उरलेल्या चारही गुप्त करण्याचं काम छायाचित्रकारानं करू नये.

कुणी म्हणेल, सर, म्हणजे लांब उघडीप वाईट, संगणकावर फेरफार वाईट, जसं आलं तसं ठेवा. नाही. एकविसावं चित्र बघा.

हे पुरानंतरचं. जुलैत राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा कोल्हापुरात घरोघरी पाठ असतो: एकोणचाळीस फूट इशारा, त्रेचाळीस धोका. २०१९ आणि २०२१ ला पाणी पंचावन्नाच्या वर गेलं, ते अंगावर घेतलेली माणसं इथं आहेत. चित्र एवढ्या मोठ्या पुराचं नाही; नेहमीसारखं पाणी रानात शिरलं, चार-सहा दिवस राहिलं, ओसरलं. उसाचा एक पट्टा. खालचा दोन-तृतीयांश गाळानं माखलेला, वरचा शेंडा पाण्याबाहेर राहिलेला, आणि दोन्हीच्या मधून आडवी रेघ, पट्टी लावून ओढल्यासारखी. माणूस नाही, ढग नाहीत, आकाश नुसतं मळभ. त्या रेघेच्या वर शेंडा राहिला म्हणून तो ऊस जगेल. बांधाकडच्या कोपऱ्यात रान जरा खोलगट आहे, तिथं शेंड्यावरही गाळ आहे, तो कुजणार. शेतकरी हे चित्र बघून एका नजरेत नुकसान मोजेल.

आता ऐका. कॅमेऱ्यानं रंग काढून जे दिलं त्यात ही रेघ नव्हती. बाईंनी मूळ फाइल आम्हाला दाखवली. वरचा हिरवा आणि खालचा गाळाचा मातकट, दोघांचा उजळपणा सारखा, सगळा ऊस एक राखी चादर. म्हणजे 'जसं आलं तसं' ठेवलं असतं तर पूर आलाच नाही असं चित्र झालं असतं. त्यांनी हिरव्याची पट्टी सरकवून शेंडे उजळ केले, गाळ होता तिथंच ठेवला. रेघ उमटली. फेरफार झाला, आणि फेरफारानंच चित्र खरं झालं. आठव्यात आकाशात केला तोही फेरफार, सोळाव्यात पाण्याला केला तोही. मग भेद कशाचा? जागेवर जो फरक महत्त्वाचा होता तो चित्रात राखला की पुसला, एवढ्याचाच. आणि कुठला फरक महत्त्वाचा, हे कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत नसतं. ते बावड्यात राहिल्यानं कळतं.

आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. शिकणारे आम्हाला विचारतात, सर, लडाखला जाऊ का, स्पिती कशी आहे? जा ना, सुट्टी घेऊन जा. शिकायला मात्र बंधाऱ्यावरच या, तेही दुपारी चार वाजता, ऊन उतरताना, एकाच जागी वर्षभर.

आणखी एक लहानसा धडा. करड्यांना नावं द्या. इंग्रजी पुस्तकं वाचून मुलं सगळ्याला 'ग्रे' म्हणतात आणि मग सगळं ग्रेच काढतात. आपल्याकडं राखी आहे, करडा आहे, धुरकट, मातकट, मळकट, भुरा, सावळा आहे. गुऱ्हाळाचा चिपाडाचा धूर पहाटे निघतो तो दुधी, आणि उन्हं वर आल्यावर तोच धूर भुरा. उजेडालाही तिरीप आहे, कवडसा आहे, झाकोळ आहे, मळभ आहे, कातरवेळ आहे. तुमच्या एकोणिसाव्या चित्रात गुऱ्हाळाचा धूर आणि मागचं आकाश एकाच राखीत बुडालंय. दोघांना दोन नावं दिली असती तर दोन पायऱ्याही दिल्या असत्या.

वेळ संपत आली. शेवटच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: प्रदर्शन करायचं म्हटलं तर यातली किती चित्रं छापावीत, आणि चकचकीत कागदावर की मॅटवर? चकचकीत कागदावर काळा जास्त खोल उतरतो, मॅटवर थोडा उथळ. एकविसाव्यात खोल काळा कुठंच नाही, सगळा कारभार मधल्या करड्यांचा आहे आणि गाळाला चमक शोभणारही नाही, तेव्हा ते मॅटवर, मोठं, निदान दोन फूट रुंद काढा. अकरावं चकचकीत कागदावर, लहान. बाकीची वीस यंदा छापू नका. सोळा आणि सतरा पुसूनही टाकू नका. पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी, त्याच वेळी उभं राहून पुन्हा काढा आणि दोन्ही घेऊन आमच्याकडं या.